‘पाठलाग’ : मराठीतला एक काळोखा चित्रपट आणि त्याची रंगीत सावली

सुरुवातीलाच एक छोटी चाचणी घेऊ. ‘मेरा साया’ ज्यांनी पाहिलाय त्यांनी हात वर करा. बघा, जवळजवळ अख्खं सभागृह! आता ‘पाठलाग’ पाहिलेल्यांनी. सहा… सात. मागच्या खिडकीजवळचे काका धरून आठ.

आजचं व्याख्यान या दोन आकड्यांमधल्या फरकाबद्दलच आहे. कारण मूळ चित्रपट मराठी, १९६४चा, दिग्दर्शक राजा परांजपे. ‘मेरा साया’ त्यानंतर दोन वर्षांनी आला, त्याच कथेवर. आपल्याकडे नेहमी कुरकुर असते की मराठीवाले हिंदीची नक्कल करतात. इथे गाडी उलट दिशेने धावली, आणि तरी नाव राहिलं ते नंतरच्याचंच.

पण त्याआधी थोडं पॅरिसला जाऊ. १९४० ते १९४४ तिथे जर्मनांचा ताबा होता आणि अमेरिकन चित्रपट बंद होते. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, तुंबलेले चित्रपट एकदम येऊन पडले: ‘द माल्टीज फाल्कन’, ‘डबल इन्डेम्निटी’, ‘लॉरा’ वगैरे. नीनो फ्रँक या समीक्षकाच्या लक्षात आलं की हे नेहमीचे गुन्हेपट नाहीत. गुन्हा कोणी केला यापेक्षा माणूस आतून कसा आहे, याकडे यांचं लक्ष आहे. त्याने शब्द वापरला ‘फिल्म न्वार’, म्हणजे काळा चित्रपट. गंमत अशी, की ज्यांनी हे चित्रपट काढले त्यांना आपण ‘न्वार’ काढतोय याचा पत्ताच नव्हता. नाव प्रेक्षकाने ठेवलं, तेही परदेशातल्या. चित्रपटाचं नशीब पडद्यावर कमी आणि खुर्च्यांमध्ये जास्त ठरतं, हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

हा काळोख मुंबईत लवकर पोचला होता. ‘महल’ १९४९चा, आणि त्याचा कॅमेरामन योसेफ वीर्शिंग हा जर्मन माणूस, बॉम्बे टॉकीजमधला. युद्धकाळात इंग्रजांनी त्याला नजरकैदेत ठेवलं होतं. १९५१ मध्ये ‘बाजी’ आला, गुरुदत्त यांचा दिग्दर्शक म्हणून पहिला. त्यावर ‘गिल्डा’ची छाप उघड दिसते. गुरुदत्त आणि देव आनंद यांची ओळख पुण्याच्या प्रभातमधली, धोब्याने शर्टांची अदलाबदल केल्यामुळे झालेली, ती गोष्ट तुम्हाला माहीतच असेल. आपल्या कामाचा माणूस मात्र तिसराच आहे: गुरुदत्त यांच्या हाताखाली शिकलेले राज खोसला. त्यांनी १९५६ मध्ये ‘सी.आय.डी.’ केला, १९६४ मध्ये ‘वह कौन थी’, आणि १९६६ मध्ये ‘मेरा साया’.

आता मराठीकडे. १९५९च्या ‘सांगत्ये ऐका’ने पुण्याच्या विजयानंदमध्ये १३१ आठवडे मुक्काम ठोकला होता. मराठी चित्रपट म्हटला की एकतर तमाशाचा फड, नाहीतर देवघर, नाहीतर सासर-माहेर. आणि राजा परांजपे? ‘लाखाची गोष्ट’, ‘पेडगावचे शहाणे’, ‘जगाच्या पाठीवर’ करणारे, हसवता हसवता घशात आवंढा आणणारे राजाभाऊ. त्यांनी जयंत देवकुळे यांची ‘आशा परत येते’ ही कादंबरी घेतली आणि एकदम अंधारात शिरले.

सांगाडा साधा आहे. एका वकिलाची बायको मरते. त्याच्या डोळ्यांसमोर. पुढे पोलीस एका टोळीतल्या बाईला पकडतात, ती हुबेहूब तिच्यासारखी दिसते आणि म्हणते, मीच तुमची बायको. प्रकरण कोर्टात उभं राहतं. वकील डॉ. काशिनाथ घाणेकर, बाईच्या भूमिकेत भावना. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मधल्या संभाजीमुळे घाणेकर तेव्हा रंगभूमीवर गाजत होते. इथे मात्र तलवार नाही, गर्जना नाही. शंका आहे फक्त. आपल्याच डोळ्यांवरची शंका.

‘लॉरा’ आठवा. तिथेही मेलेली समजलेली बाई दारातून आत येते. पण तिथला पोलीस तिला आधी कधी भेटलेला नसतो, तिच्या तसबिरीवर भाळलेला असतो. आपल्या वकिलाचं दुखणं वेगळं आहे. तो तिच्याबरोबर राहिलाय, तिचे अंत्यसंस्कारही झालेत. वकील म्हणून त्याला पुरावा हवा, आणि ती बाई पुरावा म्हणून काय देते, तर त्या दोघांच्या खासगी आठवणी. भर कोर्टात! मराठी मध्यमवर्गीय घरात जे दार लावून बोललं जातं ते इथे लोकांसमोर उघडं पडतं. आमच्या मते या कथेची खरी भीती तिथे आहे, टोळीत किंवा पिस्तुलात नाही.

आणि गाणं. गदिमांचे शब्द, दत्ता डावजेकरांची चाल, आशाबाईंचा आवाज. डोळ्यांच्या पाखरांचं ते गाणं रेडिओवर आजही लागतं. बहुतेकांना ते प्रेमगीत वाटतं. कथा माहीत असली की अंगावर काटा येतो, कारण ती नजर नवऱ्याची पाठ सोडत नाही. चित्रपटाचं नाव ‘पाठलाग’ का, ते गाण्यातच कळतं.

स्वागताचं म्हणाल तर, १९६४चा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार ‘पाठलाग’ला मिळाला. त्याच वर्षी अनंत माने यांचा तमाशापट ‘सवाल माझा ऐका’ होता, हे लक्षात घ्या. दक्षिणेत १९६५ मध्येच तमिळ ‘इदय कमलम’ निघाला, याच कथेवर. मग राज खोसलांचा हिंदी अवतार: साधना, सुनील दत्त, मदन मोहन यांचं संगीत, उदयपूरचे महाल, आणि रंग. रंगांबद्दल आमची थोडी तक्रार आहे. कृष्णधवलात चेहऱ्याचा अर्धा भाग काळोखात गेला की ही खरी का खोटी, हे प्रकाशच विचारतो. रंगीत चित्रात साडी आधी दिसते. पण लताबाईंचं शीर्षकगीत ऐकलं की आमचीही तक्रार ढिली पडते, हे कबूल.

मगाशी त्या काकांनी एक प्रश्न चिठ्ठीवर पाठवलाय: ‘रहस्य कळल्यावर असा चित्रपट परत बघायचा कशाला?’ चांगला प्रश्न आहे, आणि जालन्यात तो जास्तच खरा. १९५६ पर्यंत आपण हैदराबाद राज्यात होतो, ‘पाठलाग’ आला तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात. जालना जिल्हा झाला तो १९८१ मध्ये. हिंदी-उर्दूचा कान इथे जुना. आणि त्या काळी प्रिंट मोठ्या शहरांत फिरून मग तालुक्याला यायची, जत्रेतल्या तंबूत तर त्याहून उशिरा. तोवर मनमाडच्या गाडीने आलेला एखादा पाहुणा शेवट सांगून मोकळा झालेला असायचा.

तर शेवट आम्हीही सांगतो, साठ वर्षं झाली. जुळ्या बहिणी. मेली ती बहीण, कोर्टात उभी आहे ती खरी बायको. प्रेक्षक हुश्श करतो, जोडपं एकत्र येतं, सगळं गोड. पण जरा थांबा आणि हिशेब करा. मरत होती ती आपली बायको नाही, हे नवऱ्याला ओळखता आलं नाही. आणि जिवंत बायको समोर उभी राहून ओरडत होती तेव्हाही आलं नाही. दोनदा चुकला तो. तिचं म्हणणं खरं ठरलं ते त्याने ओळखलं म्हणून नाही, प्रकरण उलगडलं म्हणून. त्या घरात परत गेल्यावर पहिल्या रात्री ती त्याला काय म्हणाली असेल? हा प्रश्न पहिल्यांदा बघताना पडतच नाही, रहस्याच्या गडबडीत निसटतो. काका, दुसऱ्यांदा बघायचा तो यासाठी. आणि दुसऱ्यांदा बघताना नवऱ्याकडे नाही, तिच्याकडे बघा. ती पहिल्यापासून खरं बोलतेय हे तुम्हाला ठाऊक असतं, आणि कोर्टातलं कोणीच ते मानत नसतं.

आता कोर्टाचा प्रसंग लावतोय. पुढच्या ओळीतल्यांनी जरा तो दिवा मालवा.