दाढी, आवाज आणि हार्मोनची सुई

सोलापूर जिल्ह्यातल्या आपल्या वस्त्यांना जोगता नवीन नाही. मुलगा बायकी चालतो, बहिणीची ओढणी घेतो असे दिसले की "हे यल्लम्माचे आहे" म्हणून त्याला सौंदत्तीला नेऊन देवीला सोडायचे, ही रीत इथल्या गोरगरिबांत पिढ्यान्‌पिढ्या चालली. त्या रूढीचा आपण धिक्कारच करतो. 2005 साली महाराष्ट्रात देवदासी प्रथेविरुद्ध कायदाही झाला. पण एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या मुलाला लुगडे नेसून, गळ्यात माळ घालून वावरायला एक जागा मिळत होती, मग ती भीक मागण्याची का असेना. त्यासाठी गोळी लागत नव्हती, शस्त्रक्रियाही लागत नव्हती. तृतीयपंथीयांच्या घराण्यात जो जाई त्याला गुरू मिळे. मुलगी म्हणून जन्मलेल्या, पण मनाने पुरुष असलेल्या लेकराला मात्र कुठेच जागा नव्हती. त्याचे एकच होई, लग्न.

आज हार्मोनच्या उपचाराकडे ट्रान्स पुरुष एका नजरेने पाहतात आणि ट्रान्स स्त्रिया दुसऱ्या, त्याचे एक मूळ इथे आहे. दुसरे मूळ शरीरातच आहे.

एस.टी. स्टँडवर, नळावर, कारखान्याच्या दारात लोक माणसाचे काय पाहतात? आधी दाढी, मग आवाज. मुलगी म्हणून जन्मलेल्या व्यक्तीला डॉक्टरांनी टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन सुरू केले की काही महिन्यांत आवाज फुटतो, पाळी बहुधा थांबते, हळूहळू दाढी येते. आवाज एकदा फुटला की औषध थांबवूनही तो परत बारीक होत नाही. म्हणजे जे जगाला दिसते तेच हे औषध बदलते. इस्ट्रोजेनचे तसे नाही. त्याने छाती भरते, कातडी मऊ होते, अंगावरची चरबी वेगळ्या ठिकाणी बसते. पण आलेली दाढी जात नाही आणि फुटलेला आवाज पुन्हा नाजूक होत नाही. म्हणून ट्रान्स पुरुषाला सुई म्हणजे दार उघडल्यासारखे वाटते, तर पुष्कळ ट्रान्स स्त्रिया म्हणतात, साडी आहे, चिमटा आहे, आपली माणसे आहेत, गोळ्या खाऊन काय मोठे होणार? घराण्यांत मान मिळतो तो निर्वाणाला, म्हणजे शस्त्रक्रियेला. कुणाला पुढे मूल हवे असते, म्हणूनही नको वाटते.

हा फरक जुनाच आहे. इंग्लंडमध्ये मायकेल डिलन नावाच्या गृहस्थाने 1939 साली टेस्टोस्टेरॉन घ्यायला सुरुवात केली. ते मोटार गॅरेजमध्ये काम करीत. शस्त्रक्रिया पूर्ण होण्याच्या कितीतरी आधी लोक त्यांना पुरुष समजू लागले होते. पुढे ते डॉक्टर झाले. त्यांची ओळख झाली ती रॉबर्टा कॉवेल या ट्रान्स स्त्रीशी. 1950 साली कॉवेलबाई इस्ट्रोजेनचे मोठे डोस घेत होत्या, तरी जगापुढे पुरुष म्हणूनच राहत होत्या. आपल्या वाचकांना डिलन यांची पुढची हकीकत जवळची वाटेल. 1958 साली वर्तमानपत्रांनी त्यांचे गुपित फोडले, तेव्हा ते भारतात पळून आले. कालिम्पोंगला भिक्खू संघरक्षित यांच्याकडे राहिले, मग सारनाथला श्रामणेर झाले. उपसंपदा मात्र मिळाली नाही, विनयाचा नियम आड आला. 1962 साली डलहौसी इथे ते वारले.

पण सगळेच ट्रान्स पुरुष सुईसाठी धावतात असेही नाही. दोन खोल्यांच्या घरात फुटलेला आवाज लपत नाही. बापाला, भावाला काय सांगायचे, या भीतीने कितीतरी जण वर्षानुवर्षे थांबतात. बीडचे पोलीस शिपाई ललित साळवे यांची गोष्ट घरोघर वाचली गेली. 2018 साली मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्यांच्या तपासणीत 'वाय' गुणसूत्र सापडले होते, म्हणून "त्यांचे खरे होते, तुझे नाटक आहे" असे घरच्यांनी आपल्या लेकराला सुनावणे सोपे होते. ते बरोबर नाही. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटले की लिंगओळखीसाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे अनैतिक आणि बेकायदा आहे. मग सुईचा आग्रह आपण का धरावा? आणि ज्याला ती हवी आहे त्याला वेडाही का ठरवावे?

आता काळजीची गोष्ट. ज्या ट्रान्स स्त्रियांना हार्मोन हवे असते त्यांतल्या अनेकजणी डॉक्टरकडे जात नाहीत. तिथे हसतील, बाईच्या रांगेत उभे राहू देणार नाहीत, ही धास्ती. मग मैत्रिणीने सांगितले म्हणून माला-डीसारख्या पाळणा लांबवायच्या गोळ्या आणतात आणि लवकर गुण यावा म्हणून दिवसाला तीन-तीन, चार-चार घेतात. या गोळ्यांत एथिनिल इस्ट्राडिओल असते. त्याने पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, ती फुफ्फुसात गेली तर जीव जातो. विडी-सिगारेट ओढणारीला धोका आणखी. या उपचारासाठी डॉक्टर दुसऱ्या प्रकारचे इस्ट्रोजेन देतात.

ट्रान्स पुरुषांनीही दुकानातून परस्पर इंजेक्शन आणून टोचून घेऊ नये. टेस्टोस्टेरॉनने रक्त घट्ट होऊ शकते, म्हणून हिमोग्लोबिन ठराविक काळाने तपासावे लागते. पाळी थांबली म्हणजे दिवस राहणार नाहीत, हाही गैरसमज आहे. आणि निर्वाण झालेल्या भगिनींनो, शस्त्रक्रियेनंतर शरीरात कोणतेच हार्मोन उरले नाही तर हाडे ठिसूळ होतात. ज्यांनी आजवर गोळ्यांना नाके मुरडली त्यांनीही एकदा डॉक्टरांना विचारावे.

2019 च्या कायद्याने हार्मोन उपचारासह वैद्यकीय सोयी करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. तेव्हा सरकारी दवाखान्यात हक्काने जावे. पहिल्या खेपेला कुणीतरी घरचे सोबत असावे, आई असली तर उत्तम. घेत असलेल्या गोळ्यांचे रिकामे पाकीट बरोबर न्यावे आणि दिवसाला किती घेतल्या ते खरे सांगावे.