टिपेश्वरचा मुक्काम

मैत्रिणींनो, पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वर अभयारण्याशेजारी एका हॉटेलात आम्ही दोन रात्री राहिलो. खोली साधी पण स्वच्छ. जेवायला ज्वारीची भाकरी नि झणझणीत झुणका. पहाटेच्या फेरीत वाघ दिसला, मुलं तर नाचायचीच बाकी होती! भाकऱ्या थापणाऱ्या बाईंना मात्र त्याचं कौतुक नव्हतं. "तुमी त्याले पाहाले पैसे देता, आमी त्याच्याच भेवानं कापूस वेचाले घोळक्यानं जातो." खोटं कसं म्हणावं? १३ माणसांच्या मृत्यूचा ठपका असलेली अवनी वाघीण याच जिल्ह्यात नोव्हेंबर २०१८ मध्ये मारली गेली, तेव्हा शहरांत हळहळ झाली आणि इथल्या गावांत फटाके वाजले.

जाणार असाल तर हिवाळ्यात उघड्या जीपसाठी कानटोप्या न्या. आणि हो, रात्रीचं जेवण सहालाच होतं. बाईंना अंधाराआधी घर गाठायचं असतं. तिथे गरम भाकरीचा हट्ट धरू नका.