बिअरचा भारतीय बाजार: सात गैरसमज आणि वस्तुस्थिती

उन्हाचा चटका वाढला की बिअर कंपन्यांची सुगी सुरू होते. एप्रिल ते जून या तिमाहीत वर्षातला सर्वाधिक खप होतो आणि त्याच सुमारास बिअरबद्दलच्या ऐकीव गोष्टींनाही ऊत येतो. 'बिअर म्हणजे काही दारू नव्हे', 'आपल्या बिअरमध्ये ग्लिसरीन घालतात', 'सगळं पाणी या कारखान्यांनी पळवलं' ही वाक्यं बिअर शॉपीपासून वर्तमानपत्रांच्या वाचकपत्रांपर्यंत सगळीकडे भेटतात.

या समजुतींमध्ये एक गोष्ट नेहमी नजरेआड होते. भारतात बिअरचा एकसंध बाजार नाहीच. राज्य बदललं की कर बदलतो, परवाना बदलतो, किंमत ठरवण्याची पद्धतही बदलते. कोणती बिअर बनावी, कुठे बनावी आणि कितीला विकावी, हे गिऱ्हाइकाच्या आवडीपेक्षा राज्यांच्या उत्पादन शुल्क खात्यांच्या नियमांवर जास्त अवलंबून असतं. हे एकदा ध्यानात घेतलं की बरेच गैरसमज आपोआप गळून पडतात.

गैरसमज १: भारतात बिअरचा महापूर आला आहे

भारतातला बिअरचा खप वर्षाला माणशी दोन लिटरच्या आसपास आहे. म्हणजे ६५० मिलिलिटरच्या जेमतेम तीन बाटल्या. जगात या यादीत वर्षानुवर्षं पहिला असलेल्या चेक प्रजासत्ताकात हाच आकडा १२० लिटरच्या वर जातो. देशाची लोकसंख्या प्रचंड असल्यामुळे एकूण उलाढाल डोळ्यांत भरते, पण दरडोई पाहिलं तर भारत जगाच्या सरासरीच्याही कितीतरी खाली आहे.

अर्थात, सरासरी फसवी असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ वर्षांवरच्या सुमारे १९ टक्के पुरुषांनी आणि जेमतेम १ टक्का महिलांनी मद्य घेत असल्याचं सांगितलं. बिहार आणि गुजरातमध्ये दारूबंदी आहे. आपल्याकडे वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून, तर गडचिरोलीत १९९३ पासून ती लागू आहे; चंद्रपुरात २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. त्यामुळे न पिणाऱ्यांच्या वाट्याच्या तीन बाटल्या पिणाऱ्यांच्या खात्यात जमा होतात. देश म्हणून खप कमी असला, तरी पिणारा माणूस कमी पितो असं त्यातून मुळीच सिद्ध होत नाही.

गैरसमज २: बिअर हलकी, व्हिस्की जड

हा सगळ्यांत घातक गैरसमज आहे, म्हणून त्याचा हिशेब नीट मांडायला हवा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या मानकांनुसार ५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली बिअर माइल्ड, तर त्यापुढे ८ टक्क्यांपर्यंतची स्ट्राँग. ८ टक्क्यांच्या ६५० मिलिलिटरच्या बाटलीत ५२ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल असतं. ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या पेगमध्ये ते साधारण १३ मिलिलिटर भरतं. म्हणजे अशा स्ट्राँग बिअरची एक बाटली जवळपास चार पेगांइतकी. 'एकच तर बिअर घेतलीय' म्हणत गाडीला किक मारणाऱ्याच्या पोटात चार पेग असतात.

भारतात विकल्या जाणाऱ्या शंभर बाटल्यांपैकी ऐंशीहून अधिक स्ट्राँग असतात. युरोपात मात्र ४ ते ५ टक्क्यांच्या लागरचं राज्य आहे. या फरकाचं खापर भारतीयांच्या चवीवर फोडलं जातं, पण कराची रचनाही तितकीच जबाबदार आहे. जर्मनीसारख्या देशात बिअरवरचा कर तिच्या मूळ अर्काच्या (आंबवण्याआधी विरघळलेल्या शर्करा वगैरेंच्या) प्रमाणात चढतो, त्यामुळे तीव्र बिअरला जास्त कर पडतो. आपल्याकडे अनेक राज्यांत अल्कोहोलच्या दर मिलिलिटरमागे पाहिलं तर बिअरवरचा बोजा देशी दारू किंवा स्वस्त व्हिस्कीपेक्षा जड पडतो. माइल्ड बिअर साहजिकच 'परवडत नाही'. खिशात मोजके पैसे असलेला माणूस त्यातल्या त्यात जास्त चढेल ती बाटली उचलतो. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं की मद्याचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. त्यात बिअरला सूट नाही.

गैरसमज ३: भारतीय बिअरमध्ये ग्लिसरीन मिसळतात

बाटली पाण्याच्या ग्लासात उलटी धरायची, खाली दाट धार उतरते, ते ग्लिसरीन, आणि मग बिअर 'शुद्ध' होते. हा प्रयोग अनेकांनी पाहिला असेल. प्रत्यक्षात खाली उतरते ती बिअरच. तिच्यात विरघळलेल्या शर्करा आणि इतर पदार्थांमुळे ती पाण्यापेक्षा किंचित जड असते. ती खाली सरकते आणि तिची जागा पाणी घेतं. बिअर शुद्ध होत नाही, पातळ होते.

ग्लिसरीन बिअरमध्ये असतं हे मात्र खरं. यीस्ट साखरेचं अल्कोहोल करताना थोडं ग्लिसरीनही तयार करतं, लिटरमागे साधारण एक ते तीन ग्रॅम. जर्मन, बेल्जियन, भारतीय अशा प्रत्येक बिअरमध्ये ते असतं आणि वाइनमध्ये तर त्याहून जास्त असतं.

गैरसमज ४: परदेशी नाव म्हणजे आयात केलेला माल

बडवायझर, कार्ल्सबर्ग, टुबोर्ग, हायनेकेन ही नावं परदेशी आहेत, पण भारतात विकला जाणारा त्यांचा बहुतांश माल भारतातल्याच कारखान्यांत बनतो. कारण सरळ आहे. आयात बिअरवर १०० टक्के सीमाशुल्क आणि त्यावर अधिभार, असा एकूण ११० टक्के बोजा पडतो. युरोपीय संघाशी जानेवारी २०२६ मध्ये वाटाघाटी पूर्ण झालेल्या व्यापार करारात हा दर ५० टक्क्यांवर आणायचं ठरलं आहे. पण बंदरातून बाहेर पडलेल्या बाटलीला पुढे राज्याचा कर चुकत नाही, हे विसरून चालणार नाही.

आयातीचं खरं अवलंबित्व कच्च्या मालात आहे. माल्टसाठी लागणारं जव राजस्थान, उत्तर प्रदेश, हरियाणात पिकतं. बिअरला कडवटपणा देणारे हॉप्स मात्र जवळपास सगळे बाहेरून येतात. हिमाचलच्या लाहौल खोऱ्यातली लागवड फारच थोडी आहे.

गैरसमज ५: भारतीय नाव म्हणजे भारतीय बिअर

'इंडिया पेल एल' भारतात जन्मली असं अनेकांना वाटतं. ती बनत होती लंडन आणि बर्टनमध्ये, आणि जहाजांतून येत होती इथल्या इंग्रजांसाठी. भारतात आधुनिक बिअर कारखानदारी रुजली ती १८५५ च्या सुमारास, एडवर्ड डायर यांनी कसौलीत कारखाना काढल्यावर. जालियनवाला बाग हत्याकांडाचा आदेश देणारा जनरल डायर हा त्यांचाच मुलगा.

'कोब्रा' या बिअरची कहाणी 'इंडिया पेल एल'च्या उलट दिशेची आहे. करण बिलिमोरिया यांनी १९९० मध्ये बंगळूरला बनवलेली ही बिअर ब्रिटनमध्ये विकायला सुरुवात केली. खप वाढला तसं १९९७ पासून उत्पादन ब्रिटनमध्येच हललं. तिथल्या करी हाउसमधली किंगफिशरही वर्षानुवर्षं परवान्याखाली केंट परगण्यात तयार होत होती. बिअर म्हणजे बहुतांशी पाणी. ते जहाजाने वाहून नेण्यापेक्षा नाव आणि कृती नेणं स्वस्त पडतं. भारताची बिअर निर्यात उत्पादनाच्या मानाने नगण्य राहण्यामागे हे मोठं कारण आहे.

'किंगफिशर म्हणजे मल्ल्या' हे समीकरणही जुनं झालं. किंगफिशर बनवणाऱ्या युनायटेड ब्रुअरीजमधला हायनेकेनचा हिस्सा २०२१ मध्ये ६१ टक्क्यांवर गेला आणि कंपनीची सूत्रं या डच समूहाकडे आली.

गैरसमज ६: एकदा बनवली की देशभर विकता येते, आणि ब्रँड भरपूर म्हणजे स्पर्धाही भरपूर

मानवी सेवनासाठीचं मद्य राज्यघटनेनेच जीएसटीच्या बाहेर ठेवलं आहे. दर राज्यात लेबलची वेगळी नोंदणी करावी लागते आणि सीमा ओलांडताना शुल्क भरावं लागतं. म्हणून मोठ्या कंपन्या राज्याराज्यांत कारखाने उभारतात किंवा दुसऱ्यांचे भाड्याने घेतात.

या व्यवस्थेचा फटका किती बसू शकतो, ते 'बिरा ९१' या बिअर ब्रँडच्या बाबतीत दिसलं. शेअर बाजाराची तयारी म्हणून कंपनीने नावातला 'प्रायव्हेट' हा एक शब्द काढला. कायद्याच्या लेखी ती नवी कंपनी झाली, राज्याराज्यांत लेबलं पुन्हा नोंदवावी लागली आणि काही महिने विक्री खोळंबली. २०२३-२४ मध्ये कंपनीचा तोटा ७४८ कोटींवर गेला. तेलंगणात तर जानेवारी २०२५ मध्ये युनायटेड ब्रुअरीजने पुरवठाच थांबवला. तिथे खरेदीदार एकच, सरकारी महामंडळ. दर २०१९-२० पासून वाढवले नव्हते आणि बिलं थकली होती. पुढच्याच महिन्यात राज्याने दर १५ टक्क्यांनी वाढवले.

दर ठरवण्याची हीच पद्धत साट्यालोट्यालाही वाव देते. भारतीय स्पर्धा आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये युनायटेड ब्रुअरीज, कार्ल्सबर्ग इंडिया आणि उत्पादकांच्या संघटनेला मिळून ८७३ कोटींचा दंड ठोठावला. २००९ ते २०१८ या काळात राज्यांना कोणते दर मागायचे हे प्रतिस्पर्ध्यांनी आपसात ठरवलं, असा ठपका होता. तिसरी मोठी कंपनी, एबी इनबेव्ह, माहिती पुरवल्यामुळे दंडातून सुटली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. फ्रीजमध्ये वीस लेबलं दिसली, तरी बाजाराचा ८० टक्क्यांहून मोठा भाग या तीनच समूहांकडे आहे.

गैरसमज ७: मराठवाड्याचं पाणी बिअरने संपवलं

वाळूज परिसरातले बिअर कारखाने २०१६ च्या दुष्काळात टीकेचे धनी झाले. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात ६० टक्क्यांपर्यंत कपात करायला लावली. माणसं टँकरची वाट पाहत असताना पिण्याच्या पाण्याला पहिला मान देणं योग्यच होतं. पण आकडे पाहावेत. चांगल्या कारखान्यात एक लिटर बिअरला तीन ते चार लिटर पाणी लागतं. पाटपाण्यावरच्या एक हेक्टर उसाला साधारण दोन कोटी लिटर लागतं. तेवढ्यात ५० लाख लिटर बिअर बनते. बिअर कारखाने बंद करून मराठवाड्याची तहान भागणार नाही. त्यासाठी पीकपद्धतीला हात घालावा लागेल.

बिअरवरचा कर अल्कोहोलच्या प्रमाणात लावणं, ही राज्यांनी करण्याजोगी पहिली सुधारणा आहे. त्याने महसूल बुडण्याचं कारण नाही आणि स्ट्राँग बाटलीला मिळणारी छुपी सवलत थांबेल. तोवर वाचकांपैकी जे पितात त्यांनी निदान लेबलवरचा अल्कोहोलचा टक्का वाचावा, आणि एक बाटली घेतली असेल तरी गाडीची किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यावी.