परक्या देहाची ओळखीची हाडे

हैदराबादेत अमीरपेटेसारखीच क्लासेसची पेठ म्हणून दिलसुखनगरची ख्याती. मेट्रोच्या खांबांलगत स्पर्धा परीक्षा, सॉफ्टवेअर, अ‍ॅनिमेशन अशा पाट्यांची दाटी असते. याच शहरातल्या मकुटा स्टुडिओने ‘ईगा’ (२०१२) चित्रपटातली माशी घडवली आणि स्पेशल इफेक्ट्सचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. तेव्हा पडद्यावर अजब जीव आणायचे इथल्या विद्यार्थ्याचे स्वप्न काही हवेतले नाही. अडचण येते ती विश्वभयाच्या कथांतला, म्हणजे माणसाला किड्याइतकेही न मोजणारा परग्रही जीव घडवताना. झीब्रश या डिजिटल शिल्पकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये मातीचा गोळा समोर येतो, त्यातली डायनामेश ही सोय ती माती हवी तेवढी ताणू देते, आणि नवशिका लगेच शुंडके, दात, डोळे यांची खैरात करतो. लाखो बहुभुजांचा खवलेदार ऐवज तयार होतो, पण भीती काही वाटत नाही.

याचे कारण शरीररचनेत आहे असे माझे मत. ‘जो जीव पृथ्वीवरचाच नाही, त्याला इथली हाडे-स्नायू कशाला?’ हा आक्षेप वरवर बिनतोड वाटतो. पण या प्रकारच्या साहित्याचा आद्य पुरुष एच. पी. लव्हक्राफ्ट याने १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅट द माउंटन्स ऑफ मॅडनेस’मध्ये काय केले ते पाहावे. अंटार्क्टिकात सापडलेल्या प्राचीन जीवांचे वर्णन तो एका जीवशास्त्रज्ञाच्या विच्छेदनाच्या अहवालातून देतो. पिंपासारखे धड, पंख, आणि सगळी रचना तारामाशासारखी पाच अंगांची. अहवाल जितका शिस्तशीर, तितकी वाचकाच्या पायाखालची जमीन सरकते, कारण तो देह चालण्या-उडण्याजोगा आहे, फक्त त्याचा हिशेब आपल्यापेक्षा वेगळा आहे. शिल्पकाराने यातून घ्यायचा धडा अगदी व्यवहाराचा आहे. सॉफ्टवेअरमधली सिमेट्री चालू ठेवली की डावीकडचा प्रत्येक फटका उजवीकडे उमटतो आणि जीव आपोआप दोन बाजूंचा, आपल्या नात्यातला होतो. ती कधी बंद करायची, कधी पाच अंगांत फिरवायची, हा निर्णय खवल्यांच्या हजार अल्फांपेक्षा, म्हणजे तयार छापांपेक्षा, मोलाचा. मात्र सगळेच परके करून चालत नाही. वजन कुठल्या सांध्यावर पडते, कातडी कुठे ताणली जाते, हे डोळ्याला पटले तरच एखादा चुकीच्या दिशेने वळलेला सांधा अंगावर काटा आणतो. ‘तुंबाड’ चित्रपटातला (२०१८) हस्तर हा अमानवी जीव बराचसा माणसासारखाच दिसतो, त्याची ती पिठासाठीची हाव तेवढी माणसाची उरलेली नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ज्याची कल्पनाही करवत नाही ते दाखवले की भय संपते. हे अर्धे खरे आहे. पण लव्हक्राफ्टच्याच १९२८ च्या ‘द कॉल ऑफ कथुलू’मध्ये कथुलू हा जीव वाचकाला पहिल्यांदा दिसतो तो शिल्पातच, एक तरुण मूर्तिकार स्वप्नात पाहिलेले मातीत उठवून आणतो. त्यात ऑक्टोपस, ड्रॅगन आणि माणूस यांची भेसळ आहे, तरी निवेदकाला सर्वांत जास्त हादरवते ती एकूण बाह्याकृती. जाणते कलावंत म्हणूनच अधूनमधून मॉडेलवर सपाट काळा रंग चढवून नुसता आकार न्याहाळतात. त्या काळ्या ठिपक्यात दम नसेल तर त्वचेवरची छिद्रे कोरणे म्हणजे वेळेचा अपव्यय. लपवायचेच असेल तर तेही आकारानेच साधते: धडाचा शेवट कुठे होतो ते कळू नये, तोंड आहे की जखम हे ठरू नये.

पुढचे काम कारागिरीचे. मॉडेलच्या बहुभुजांची जाळी नव्याने बांधायची, म्हणजे रीटोपॉलॉजी. बारकावे डिस्प्लेसमेंट मॅपमध्ये, म्हणजे पृष्ठभागाचे चढउतार नोंदवणाऱ्या प्रतिमेत, उतरवायचे. मग हाडांचा सांगाडा बसवून मॉडेल अ‍ॅनिमेटरच्या हाती द्यायचे. सांध्यांचा विचार आधी झालेला नसेल तर पहिल्याच पावलाला खांद्याची जाळी चुरगळते आणि मॉडेल पुन्हा शिल्पकाराच्या टेबलावर येते.