हवा जाते कुठून?

प्रीमिअर पद्मिनीच्या एका चाकात सोमवारी २४ पीएसआय हवा भरली आणि पुढच्या सोमवारी ती २० भरली, तर आठवडाभरात नेमकं काय गेलं? ढोबळ हिशेब केला तर मिनिटाला साधारण अर्धा मिलिलिटर हवा. पाण्यात बघायचं झालं तर ज्वारीच्या दाण्याएवढा एक बुडबुडा, पाच-सहा सेकंदांनी एक. एवढीशी गळती कानाला ऐकू येत नाही, हाताला जाणवत नाही आणि रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याला घाईत दिसतही नाही. तो चाक पाण्यात एकदा फिरवतो, ‘पंक्चर नाही’ म्हणतो, हवा भरून देतो. तो खोटं बोलत नसतो. पुढच्या आठवड्यात चाक पुन्हा बसलेलं असतं.

जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांच्या गप्पांत कार्ब्युरेटर आणि क्रोमला जेवढा मान मिळतो, त्याच्या शतांशही या मंद गळतीला मिळत नाही. खरं तर गाडी जितकी जुनी आणि जितकी कमी चालणारी, तितका हा आजार हमखास.

पद्मिनी हे त्याचं आपल्या घरचं उदाहरण. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. इटलीतल्या तुरिनच्या फियाट कंपनीची ११०० ही गाडी १९६४ पासून ‘डिलाइट’ या नावाने कुर्ल्यात तयार होऊ लागली आणि सत्तरच्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं. गंमत म्हणजे टायर बनवणारी सिएट ही कंपनीही मूळची तुरिनचीच. तिथे ती १९२४ मध्ये सुरू झाली आणि १९५८ मध्ये मुंबईत आली. तिचा कारखाना भांडुपला. म्हणजे एका इटालियन शहरातली गाडी कुर्ल्यात आणि त्याच शहरातल्या नावाचा टायर चार-पाच स्टेशनं पुढे, अशी मुंबईच्या मध्य रेल्वेवरची सोयरीक होती.

मुंबईतली शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून उतरली. टॅक्सी होती तोवर मंद गळतीचं कुणाला काही नव्हतं. गाडी रोज धावायची, ड्रायव्हर रोज चाकाला लाथ मारून बघायचा, दोन दिवसांआड पंपावर हवा मारायचा. आता उरलेल्या पद्मिनी हौशी लोकांच्या गॅरेजमध्ये कव्हराखाली उभ्या असतात. महिन्यातून एकदा त्या बाहेर निघतात, आणि नेमकं तेव्हाच मागचं डावं चाक जमिनीला टेकलेलं दिसतं.

थोडी हवा सगळ्याच चाकांतून जाते, हेही आधी सांगायला हवं. ठणठणीत चाकसुद्धा महिन्याला एक-दोन पीएसआय गमावतं, कारण रबर पूर्णपणे हवाबंद नसतं. शिवाय तापमानाचा खेळ आहेच. पुण्यात डिसेंबरच्या दुपारी तीस अंशांना २४ पीएसआय भरलेलं चाक पहाटे दहा अंशांवर मोजलं, तर एक कणही बाहेर न जाता काटा दोन-अडीचने खाली दिसतो. म्हणून गळतीचा संशय आला तर मोजणी रोज एकाच वेळी, गाडी न चालवता आणि एकाच मीटरने करावी. पंपावरचे मीटर एकमेकांशी क्वचितच सहमत असतात. चारही चाकं सारखी उतरली तर दोष हवामानाचा. एकच उतरलं तर त्या चाकाचा.

हवा धरून ठेवण्याचं काम कुणाचं, या प्रश्नाचं उत्तर मात्र शंभर वर्षांत बदललं आहे. बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने १८८८ मध्ये हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. पुढे अर्धशतकाहून जास्त काळ मोटारीच्या चाकात हवा सांभाळली ती ट्यूबने. रिमचं काम टायर जागेवर ठेवण्याचं आणि टायरचं काम ट्यूबला जपण्याचं. ट्यूब आधी नैसर्गिक रबराची असे. १९३७ मध्ये अमेरिकेत विल्यम स्पार्क्स आणि रॉबर्ट थॉमस यांनी ब्यूटिल रबर बनवलं. त्यातून हवा नैसर्गिक रबराच्या साधारण दहाव्या हिश्श्यानेच झिरपते, त्यामुळे ट्यूबसाठी ते लवकरच रूढ झालं. मग १९४६ मध्ये गुडरिच कंपनीत फ्रँक हर्झेघ यांनी ट्यूबलेस टायर सिद्ध केला आणि हवा धरण्याची जबाबदारी ट्यूबकडून निघून टायरची कड आणि रिम यांच्यामधल्या सांध्यावर आली.

जुन्या गाडीच्या चाकात होणारे निम्मे घोळ इथेच जन्म घेतात. रिम एका जमान्याची आणि टायर दुसऱ्या जमान्याचा असतो, आणि हवा कुणी धरायची हे त्या दोघांत ठरलेलं नसतं.

ट्यूब असलेल्या चाकात गळती शोधताना एक फसगत ठरलेली. साबणाचं पाणी मारलं की वॉल्व्हच्या बुडाशी, जिथे तो रिमच्या भोकातून बाहेर येतो तिथे, फेस धरतो. लगेच निदान होतं की वॉल्व्ह खराब आहे. पण ट्यूबला भोक कुठेही असो, हवा टायर आणि रिमच्या पोकळीत शिरते आणि सर्वांत सोप्या वाटेने, म्हणजे वॉल्व्हच्या भोकातूनच, बाहेर पडते. तिथला बुडबुडा ट्यूब गळते एवढंच सांगतो. कुठे गळते ते सांगत नाही. वॉल्व्हचा दोष पकडायचा असेल तर टोपी काढून त्याच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा किंवा थुंकीचा पडदा धरावा. पडदा फुगला तर आतली पिन सैल किंवा खराब. पिन काही रुपयांची असते आणि दोन मिनिटांत बदलते. म्हणून तपासाची सुरुवात तिथूनच करावी.

वॉल्व्ह सरळ उभा आहे का, हेही बघावं. तो तिरका झुकला असेल तर कमी हवेवर गाडी चालल्याने टायर रिमवर सरकला आहे आणि त्याने ट्यूबला सोबत ओढलं आहे. अशा वेळी वॉल्व्हच्या मुळाशी रबर ताणून फाटायला लागतं. तिथे फाटलेल्या ट्यूबवर ठिगळ टिकत नाही, ती बदलायचीच.

पिन ठीक असेल तर टायर उतरवावा लागतो. चांगला कारागीर त्याआधी खडूने टायरवर, रिमवर आणि वॉल्व्हजवळ खूण करतो. ही अर्ध्या मिनिटाची खूण पुढचा अर्धा तास वाचवते. ट्यूब बाहेर काढून ती टायरमध्ये असते त्यापेक्षा थोडी जास्त फुगवायची, म्हणजे मिटलेलं बारीक भोक उघडतं. मग घमेल्यातल्या पाण्यात तिचा एकेक वीतभर भाग दाबून धरायचा आणि बुडबुड्याची वाट बघायची. अर्धा मिलिलिटर म्हणजे किती ते आठवावं आणि घाई करू नये. भोक सापडलं की खुणा जुळवून ते कुठे येतं ते बघायचं. टायरच्या बाजूला असेल तर खिळा, काच किंवा तारेचा तुकडा टायरमध्ये रुतलेला असणार. रिमच्या बाजूला असेल तर गंजाची पापडी. शेजारीशेजारी दोन चिरा दिसल्या तर गेल्या वेळी टायर चढवताना कुणीतरी टॉमीने, म्हणजे टायर चढवायच्या लोखंडी दांडीने, ट्यूब चिमटली आहे.

कारण न काढता ठिगळ लावणं ही या धंद्यातली सर्वांत मोठी चूक. टायरच्या आतून हात फिरवताना मात्र सांभाळून, आधी जाडसर फडक्याने. नव्या टायरच्या आत चिकटवलेली कागदी लेबलंसुद्धा सोलून काढावीत. हजारो फेऱ्यांमध्ये त्या लेबलाची कड ट्यूबला घासत राहते आणि एक दिवस भोक पाडते. ट्यूबलेस म्हणून बनवलेल्या काही टायरांच्या आत बारीक कंगोरे असतात, तेही तेच करतात. ट्यूब आणि टायर यांच्यामध्ये शंखजिऱ्याची पूड भुरभुरवण्याची जुनी पद्धत यासाठीच होती, आणि ती मोडण्याचं काही कारण नाही.

ठिगळाचंही तंत्र आहे. भोकाभोवतीची जागा कानशीने किंवा पॉलिश पेपरने खरवडायची, सोल्यूशनचा पातळ थर लावायचा आणि तो पूर्ण कोरडा होऊ द्यायचा. ओल्यावर दाबलेलं ठिगळ चार महिन्यांनी कडेने उचकटतं, आणि मंद गळतीची एक नवी कहाणी सुरू होते. गरम पॅच लावणारे पंक्चरवाले आता कमी झाले आहेत. लोखंडी दाबयंत्रात ट्यूब आवळायची, वर जुन्या इंजिनाच्या पिस्टनची वाटी ठेवायची, तीत थोडं रॉकेल पेटवायचं आणि त्या उष्णतेने कच्चं रबर ट्यूबवर शिजवायचं. ते ठिगळ ट्यूबपेक्षा जास्त टिके.

आता रिम. पद्मिनीसारख्या गाडीची पोलादी रिम चाळीस-पन्नास वर्षं पावसाळे खाऊन आतून गंजलेली असते, आणि बाहेरचा चकचकीत रंग ते लपवतो. ट्यूब घालायची असेल तर गंज घासून, प्रायमर आणि रंग देऊन आतली बाजू गुळगुळीत केली की पुरतं. ट्यूबलेस करण्याचा मोह झाला तर गोष्ट अवघड होते. टायरची कड जिथे टेकते तिथला गंजाचा एकेक खड्डा हवेला वाट देतो. शिवाय ट्यूबलेससाठीच्या रिमला कडेच्या आत एक उंचवटा असतो. वळणावर कमी हवेचा टायर आत घसरू नये म्हणून तो ठेवलेला असतो. ट्यूबच्या जमान्यातल्या रिमला तो नसतो. हवा कशीबशी टिकवली तरी हा धोका राहतोच.

तारांच्या चाकांचं, म्हणजे एमजीच्या टी मालिकेतल्या किंवा जग्वार एक्सके १२० वर दिसणाऱ्या स्पोकच्या चाकांचं, तर बोलायलाच नको. प्रत्येक स्पोक रिमला भोक पाडून बसवलेला असतो, त्यामुळे त्यांना ट्यूब लागतेच. स्पोकची टोकं ट्यूबला टोचू नयेत म्हणून मध्ये रबरी पट्टी असते. ती कडक होऊन चिरली की गळती सुरू. स्पोक आवळून चाक सरळ केल्यावर वर आलेलं टोक कानशीने घासलं नाही, तरी तेच.

श्रीमंतांच्या गाड्यांनाही सुटका नाही. लॅम्बोर्गिनी म्युराला कॅम्पान्योलोची मॅग्नेशियमची चाकं होती. ओतीव मॅग्नेशियमच्या जुन्या चाकांत सूक्ष्म छिद्रं असतात, आणि जिथे टायर नीट, कड नीट, वॉल्व्ह नीट, तिथे हवा चक्क धातूच्या अंगातून झिरपते. उपाय म्हणून आतून इपॉक्सीचा थर देतात किंवा निर्वात कक्षात छिद्रांमध्ये राळ भरून घेतात. ते काम मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात होत नाही.

बाजारात वॉल्व्हमधून ओतायचं सीलंट मिळतं. प्रवासात अडलं तर गॅरेजपर्यंत पोहोचायला ते ठीक. त्याला दुरुस्ती समजणं चूक आहे. ते आत चिकट लगदा करून ठेवतं, पुढचं ठिगळ चिकटू देत नाही, आणि मूळ खिळा किंवा गंज आपलं काम चालूच ठेवतो.

पद्मिनीच्या मालकांना सल्ला एवढाच: मूळ रिमवर रेडियल टायर घातला तरी आत ट्यूब ठेवा, आणि ती रेडियलसाठी चालणारी, नेमक्या मापाची घ्या. मोठ्या मापाची ट्यूब आत दुमडते आणि घडीवर झिजते. टायरच्या अंगावर छापलेल्या उत्पादन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांपलीकडचा टायर गळती काढण्याच्या लायकीचा नाही, तो बदला. आणि टायर उतरवताना पंक्चरवाल्याच्या शेजारी उभे राहून खडूची खूण करायला लावा.