ठशांचें दफ्तर

बोटांचे ठसे म्हटले कीं वाचकांस चतुर पोलीस आठवतो; आम्हांस मात्र दफ्तर लावणारा आठवतो. हजारों ठशांतून हवा तो कागद काढतां आला नाहीं, तर ती सारी रद्दीच! कलकत्त्यास १८९७ सालीं ठशांची कचेरी निघाली. तेथें अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांच्या परिश्रमानें, कोणत्या बोटावर चक्र आहे तें पाहून, दहा बोटांचे कागद ३२ गुणिले ३२, म्हणजे १०२४ वर्गांत लावण्याची रीत सिद्ध झाली. (सामुद्रिकवाले त्याच चक्रांत राजयोग पाहतात!) एखादा कागद भलत्या खणांत पडला, कीं सराईत चोर न्यायाधीशापुढें नवखा ठरे. रीतीस नांव मात्र वरिष्ठ साहेबांचें, एडवर्ड हेन्री यांचें पडलें, हें आम्हांस खटकतें. हक-बोसांस सरकारी पदव्या मिळाल्या. त्याही पुष्कळ वर्षांनीं.