व्हिनाइल आणि कार्पेटखालची जमीन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुन्या पनवेलमधील घरांत कोबा किंवा शहाबादी फरशी, सिडकोच्या काळातील वसाहतींत मोझॅक आणि अलीकडच्या इमारतींत व्हिट्रिफाइड फरशी आढळते. यांपैकी कोणत्याही जमिनीवर व्हिनाइल किंवा कार्पेट अंथरण्याचे ठरले, की लक्ष रंग आणि नक्षीकडे जाते, तर खालच्या जमिनीची तयारी दुय्यम मानली जाते. तळमजल्यावर जोत्यातला भराव नीट धुम्मस न केल्यामुळे कालांतराने खचतो आणि जमिनीला खळगे पडतात; वरच्या मजल्यांवर खाली पुरेसा माल न भरल्याने पोकळ राहिलेल्या फरश्या हलतात किंवा त्यांच्या कडा वर येतात. अशा जमिनीविषयी रूढ असलेले काही समज तपासून पाहणे आवश्यक आहे.

गैरसमज १ : व्हिनाइल किंवा कार्पेट अंथरले की उंचसखलपणा झाकला जातो.
वस्तुस्थिती : घरगुती वापराचे व्हिनाइल साधारणतः दीड ते तीन मिलिमीटर जाडीचे आणि लवचीक असल्यामुळे ते खालच्या जमिनीचाच आकार घेते, आणि फरश्यांचे सांधे, करणीचे ओरखडे, एखादा राहून गेलेला खडा काही आठवड्यांत पृष्ठभागावर उमटतो. कार्पेट आणि त्याखालचा मऊ थर हे दोष नजरेआड करतात. परंतु उंचवट्यावर पावलांचा भार एकवटत असल्याने कार्पेट नेमके तेथेच आधी झिजते.

गैरसमज २ : जमीन सपाट करणे म्हणजे ती पाणसळीत आणणे.
वस्तुस्थिती : या दोन भिन्न गोष्टी आहेत. पाणसळीत असणे म्हणजे जमिनीला कोणत्याही दिशेने ढाळ नसणे, तर सपाट असणे म्हणजे तिच्यावर खळगे आणि उंचवटे नसणे. एकसारखा सौम्य ढाळ असलेली जमीन व्हिनाइलला चालते. म्हणून मोरी किंवा गॅलरीकडे मुद्दाम दिलेला ढाळ भरून काढण्याचे कारण नाही, उलट त्यामुळे पाणी साचण्याचा आणि दारे अडकण्याचा धोका वाढतो. सपाटपणा तपासण्यासाठी दोन मीटर लांबीची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी जमिनीवर निरनिराळ्या दिशांनी ठेवून तिच्याखालची फट मोजतात. बीएस ८२०४ या ब्रिटिश मानकात ही फट सर्वांत काटेकोर वर्गासाठी ३ मिलिमीटर आणि त्यानंतरच्या वर्गासाठी ५ मिलिमीटरपर्यंत ग्राह्य धरली आहे.

गैरसमज ३ : खळगे सिमेंटच्या पाण्याने किंवा प्लास्टर ऑफ पॅरिसने भरले तरी पुरते.
वस्तुस्थिती : नुसत्या सिमेंटचा पातळ थर सुकताना आकसतो, जुन्या गुळगुळीत पृष्ठभागाला धरत नाही आणि चालण्याच्या भाराने त्याचे पापुद्रे निघतात, प्लास्टर ऑफ पॅरिस ओल लागताच मऊ पडते. या कामासाठी पॉलिमर मिसळलेले समतलीकरणाचे मिश्रण, म्हणजे पाण्यात कालवल्यावर स्वतः पसरून सपाट होणारे सिमेंटयुक्त मिश्रण, वापरले जाते. मात्र तेही केवळ ओतून भागत नाही : जमिनीवरील मेण, तेल आणि रंग काढावे लागतात, प्रायमर लावावा लागतो आणि पाण्याचे प्रमाण उत्पादकाने सांगितल्याप्रमाणेच ठेवावे लागते. खोल खड्डे आधी दुरुस्तीच्या मालाने भरावेत. इमारतीचे प्रसरण सांधे मिश्रणाने बुजवू नयेत, कारण इमारतीची हालचाल तेथेच होत असते.

गैरसमज ४ : जुनी फरशी उखडल्याशिवाय नवे आवरण बसत नाही.
वस्तुस्थिती : फरशी घट्ट असेल, तर ती घासून, स्वच्छ करून आणि योग्य प्रायमर लावून तिच्यावरच समतलीकरण करता येते. प्रत्येक फरशी ठोकून पाहावी आणि बद्द आवाज देणारी पोकळ फरशी तेवढी काढून जागा भरावी. थराचे वजनही हिशेबात घ्यावे लागते : एक मिलिमीटर जाडीच्या थराचे प्रतिचौरस मीटर वजन सुमारे पावणेदोन किलो भरते, त्यामुळे १२ चौरस मीटरच्या खोलीत १० मिलिमीटरचा थर दिल्यास स्लॅबवर दोनशे किलोंहून अधिक भार वाढतो.

गैरसमज ५ : हाताला कोरडी लागणारी जमीन कोरडीच असते.
वस्तुस्थिती : पनवेलच्या हवामानात हा समज सर्वांत महागात पडतो. काँक्रीटचा पृष्ठभाग सुकला तरी आतील ओल वर सरकत राहते. व्हिनाइलमधून बाष्प बाहेर पडू शकत नसल्याने ती खालीच साचते, गोंद सुटतो आणि फुगे येतात, तर कार्पेटखाली बुरशी धरते. भिंतीच्या कडेला दिसणारा पांढरा लोणा हे अशाच ओलीचे लक्षण असते. प्राथमिक तपासणीसाठी सुमारे दीड फूट बाजूचा जाड प्लास्टिकचा चौकोन चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून किमान १६ तास ठेवतात. खाली दव दिसले किंवा काँक्रीट काळवंडले, तर काम थांबवावे. दव दिसले नाही, तरी त्यावरून खोलवरच्या ओलीचा निर्वाळा मिळत नाही. त्यासाठी आर्द्रतामापक वापरावा लागतो. ब्रिटिश प्रथेनुसार त्याने मोजलेली जमिनीची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्के किंवा त्याहून कमी असावी लागते. कोकणपट्टीत पावसाळ्यात बाहेरची हवाच बहुधा याहून दमट असल्याने जून ते सप्टेंबरमध्ये जमीन नैसर्गिकरीत्या इतकी सुकणे कठीण असते. तळमजल्यावर खालून ओल येत असेल, तर समतलीकरणाआधी ओलरोधक थर देणे अपरिहार्य ठरते.

सपाटपणा, घट्टपणा आणि कोरडेपणा या तीन स्वतंत्र कसोट्या असून एक उत्तीर्ण झाल्याने दुसरी आपोआप उत्तीर्ण होत नाही. म्हणून कारागिराकडून दर मागताना केवळ आवरणाचा नव्हे, तर पट्टीने मोजणी, पोकळ फरश्यांची दुरुस्ती, ओलीची तपासणी आणि समतलीकरण यांचा तपशील स्वतंत्रपणे लिहून घ्यावा, आणि शक्य असल्यास हे काम पावसाळा ओसरून जमीन पुरेशी सुकल्यावरच हाती घ्यावे.